संत लुसीचं दफन: पाव आकाराची प्रत करतानाच्या नोंदी

८ जून
काम सुरू. इटालियन चित्रकार कारावाज्जोच्या 'संत लुसीचं दफन' या १६०८ सालच्या चित्राची तैलरंगात प्रत करायची. लुसी ही ख्रिस्ती हुतात्मा. मूळ चित्र ४०८ × ३०० सेंटिमीटर, सिसिलीतल्या सिराकूझा शहरात. माझ्या खोलीच्या छतापेक्षा मूळ चित्र फूट-दोन फूट उंच आहे, म्हणून प्रत पाव मापाची, १०२ × ७५.

प्रत भिंतीवर लावायला करत नाहीये. ऑगस्टमध्ये आमच्या वसईतल्या वाचनगटात या चित्राबद्दल तासभर बोलायचं कबूल केलं आहे. टिपणं काढायला बसले तेव्हा लक्षात आलं की चित्राबद्दल जे काही मला सांगता येतंय ते सगळं वाचलेलं आहे, पाहिलेलं नाही. चित्रकला शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली. एखादं चित्र कळत नसेल तर त्याची नक्कल करून बघा, हे मी मुलांना सांगत आले. आता माझी पाळी.

सुरुवातीचं माझं वाचन इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर सोयीस्करपणे बदलता येणार नाही: काळोख म्हणजे छळ करणारी सत्ता, पुढचे दोन धिप्पाड कबर खोदणारे म्हणजे त्या सत्तेची क्रूर माणसं, आणि लुसी म्हणजे त्यात उरलेला प्रकाश.

११ जून
पहिला फटका. मोठ्या छायाचित्राचा प्रिंट काढून आणला, ४८० रुपये. दुकानातल्या मुलाने 'फोटो डल आहे' म्हणून न विचारता कॉन्ट्रास्ट वाढवला. लुसीचा चेहरा पांढराफटक आणि वरची सगळी भिंत डांबरासारखी काळी. मला तो प्रिंट आवडला, हे जास्त वाईट. माझ्या डोक्यातल्या वाचनाशी तो तंतोतंत जुळत होता. तीन दिवस तोच समोर ठेवून रंगांचे नमुने काढले, आणि मग संगणकावर मूळ फाइल उघडली तेव्हा दिसलं की भिंत काळी नाहीच. ती तपकिरी आहे. कुठे मातकट, कुठे राखाडी, आणि मागे एका मोठ्या कमानीची पुसट वळणरेषा.

दुसरा प्रिंट ५२० रुपये. या वेळी शेजारी उभी राहून काहीही न बदलता काढून घेतला. हे काम करणाऱ्याने पहिली गोष्ट हीच करावी: गडद चित्राचा प्रिंट उजेडात नेऊन काळोखात काय दिसतं ते आधी पाहावं, चेहरे नंतर.

१५ जून
कॅनव्हास आणि लाकडी चौकट, १,८५० रुपये. कापड चौकटीवर ताणून दोन हात प्रायमर दिलं. त्यावर आता रंगीत अस्तर. पांढऱ्या कॅनव्हासवर हे चित्र होणारच नाही. कारावाज्जो गडद तपकिरी अस्तरावर काम करायचा, आणि सिसिलीतल्या या शेवटच्या काळात त्याने ते अस्तर कितीतरी जागी उघडंच सोडलं. सावली रंगवलेली नाही, सावली म्हणजे खालचं अस्तर. त्यावर फक्त उजेड ठेवत जायचा.

बर्न्ट अंबर आणि आयव्हरी ब्लॅक एकत्र करून रुंद ब्रशने फासलं.

१९ जून
अस्तर चुकलं. फार गडद झालं आणि वर चकाकी आली. खडूने रेघ मारली तर धरतच नाही. शिवाय आयव्हरी ब्लॅक सगळ्यांत उशिरा वाळणाऱ्या रंगांपैकी, तो मी सगळ्यांत खाली घातला. अंबर लवकर वाळतो, काळा वाळत नाही, वरून पाऊस सुरू झालेला आणि वसईच्या हवेत दमट मिठागर. बोट लावलं की ठसा उमटतो.

पुढचे नऊ दिवस नुसती वाट पाहण्यात गेले. पंखा लावून ठेवला, उपयोग झाला तो किरकोळच. शेवटी वरचा चिकट थर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढला, राहिलेला वाळू दिला, पाण्याच्या पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासला. नवं अस्तर: रॉ अंबर, थोडा यलो ऑकर, चिमूटभर पांढरा, तेल जवळजवळ नाहीच. काळ्याचा थेंब नाही. ओल्या मातीच्या घराची भिंत पावसाळ्यात जशी दिसते तो रंग आला, आणि तो आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता काहीतरी बरोबर चाललं आहे.

२ जुलै
रेखाटन. तीन सेंटिमीटरचे चौकोन आखले तर आडवे २५, उभे ३४, एकूण ८५० घरं. दोन संध्याकाळी त्यात घालवल्या. घरं भरत गेले तशा आकृत्या ताठ होत गेल्या, जणू सगळे फोटोला उभे आहेत. चौकोन पुसले. फक्त एक उभी, एक आडवी आणि दोन तिरक्या रेषा ठेवल्या.

कारावाज्जोची कागदावरची रेखाटनं मिळालेली नाहीत. त्याच्या बऱ्याच चित्रांत ओल्या रंगात टोकदार वस्तूने ओढलेल्या खुणा सापडतात: खांदा इथे, डोकं इथे, एवढंच. मीही ब्रशचा उलटा दांडा घेऊन तसंच केलं.

एक आडवी रेषा कामाला आली. ती मध्यावर होती. सगळी माणसं तिच्या खाली संपायला लागली. बिशपची उंच टोपी, मागच्या शोक करणाऱ्यांची डोकी, सगळं खालच्या अर्ध्यात. वर निम्म्याहून जास्त कॅनव्हास, आणि त्यात कोणीही नाही. देवदूत नाही, उघडलेलं आकाश नाही, हुतात्म्याला द्यायचा मुकुट घेऊन कोणी उतरत नाही. त्या काळातल्या वेदीवरच्या चित्रात हुतात्मा मेला की वरून कोणीतरी यायचंच. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी हे चित्र बसवून घेणाऱ्यांनी मान वर केली असेल तेव्हा त्यांना फक्त भिंत दिसली.

५ जुलै
कबर खोदणारे. आठवडाभर हेच.

ही दोन माणसं सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठी. उजवीकडच्याने आपल्याकडे पाठ केलेली. ती मध्ये आल्यामुळे बिशप अर्धा झाकला जातो. लुसी या दोघांच्या मागे, जमिनीवर, आणि मापात इतकी लहान की पहिल्यांदा मला वाटलं माझंच प्रमाण चुकलं. पुन्हा मोजलं. बरोबर होतं.

पोज घ्यायला शेजारच्या मुलाला उभं केलं, हातात आमच्या वाडीतलं फावडं दिलं. दोन दिवस काढलं आणि जमेना. पाठ वाकते, पण चित्रातल्यासारखी नाही. आमच्या दफनभूमीत काम करणाऱ्या काकांना घरी बोलावून चित्र दाखवलं. त्यांनी एका नजरेत सांगितलं, "बाई, याच्या हातात आपलं फावडं नाय. आपण आपल्याकडे ओढतो. हा पुढे ढकलतोय." बांधकामावर खडी भरायला वापरतात ते सरळ दांड्याचं शॉवेल आणलं आणि काकांनीच उभं राहून दाखवलं: मागचा पाय रुतवायचा, वजन मांडीवर घ्यायचं, नाहीतर खड्ड्याची कड ढासळते. पाठीचा बाक लगेच जमला.

काकांनी आणखी एक विचारलं, "हे लोक वाईट आहेत का?" मी माझं वाचन सांगितलं, सत्तेची क्रूर माणसं वगैरे. ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काम करतायत. खोल जायचंय अजून."

माझ्या वाचनातला हा भाग मी त्या दिवशी सोडून दिला. हुकूम देणारा दुसरा आहे. तो उजव्या कडेला, बिशपच्या शेजारी, चिलखतात उभा आहे. खोदणाऱ्यांच्या अंगावर मी रागाने गडद सावल्या टाकल्या होत्या, त्या पुसून मांड्यांवर आणि पाठीवर मूळच्यासारखा उजेड ठेवला. चित्रातला सगळ्यांत उदार उजेड कष्टाच्या अंगांना मिळाला आहे, हे इतके दिवस समोर असून दिसलं नव्हतं.

१३ जुलै
लुसीची मान. कालचा पूर्ण दिवस आणि आजचा अर्धा.

थोडी माहिती, कारण तिच्याशिवाय हा भाग रंगवताच येत नाही. लुसी सिराकूझाचीच. परंपरेप्रमाणे इसवी सन ३०४, सम्राट डायोक्लिशनच्या छळाचा काळ. तिला वेश्यागृहात नेण्याचा हुकूम झाला, पण बैलांच्या जोड्या लावूनही ती जागची हलली नाही. आग लागेना. शेवटी गळ्यावर तलवार. चित्रात मानेवर एक छोटी जखम आहे, जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. पण १९७०च्या दशकात रोमच्या केंद्रीय कलादुरुस्ती संस्थेत चित्राची दुरुस्ती झाली तेव्हा एक्स-रेमध्ये दिसलं की आधी कारावाज्जोने डोकं धडापासून जवळपास वेगळं रंगवलं होतं. मग बदललं.

मी आधी त्याची पहिली कल्पना करून पाहिली. वाटलं, समजेल तरी. भयंकर झालं, आणि एका अर्थाने सोपंही: नजर सरळ मानेवर जाते आणि तिथेच अडकते. खोदणारे, म्हातारी, भिंत, सगळं नाहीसं होतं. पुसलं. मग जखम एका फटकाऱ्यात, बर्न्ट सिएना आणि लालाचा कण. नजर सुटली. ती पसरलेल्या हाताकडे जाते, तिथून मातीकडे.

इथे चित्रकाराचं आयुष्य मध्ये आणायचा मोह मलाही झाला. १६०६च्या मे महिन्यात रोममध्ये त्याच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी मारला गेला, मृत्युदंड पुकारला गेला, तो नेपल्सला पळाला, मग माल्टाला. तिथे १६०८च्या जुलैत त्याला माल्टाच्या ख्रिस्ती सरदारांच्या संघात सरदारकी मिळाली, त्याच वर्षी तुरुंग, तिथून ऑक्टोबरात सुटका करून घेऊन तो सिराकूझाला उतरला. रोमच्या दिवसांतला सोबती मारियो मिन्नीती तिथे होता, त्याच्या ओळखीवर हे काम मिळालं. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला माल्टात सरदारांनी त्याला बाद केलं, आणि तेही त्याच सभागृहात जिथे त्याने रंगवलेला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा शिरच्छेद टांगलेला होता. तेव्हा इथे तो मानेभोवती घुटमळतो आहे यात नवल नाही. पण 'भ्यायलेल्या माणसाने भीती रंगवली' एवढ्यावर थांबलं तर तो डोकं पुन्हा धडाला का जोडतो, हे सुटत नाही. ते माझ्या मते चित्राच्या गरजेपोटी आहे. मारणं कालचं झालं. आज पुरायचं आहे.

१४ जुलै
बैल लावून न हललेली मुलगी, आणि इथे एक हलकं शरीर. काल लिहिताना हे सुटलं होतं. तिच्या अंगाखालची सावली मी जाड दिली होती, ती काढली. शरीर जमिनीवर टेकलेलं हवं, रुतलेलं नको.

२३ जुलै
भिंत. हा भाग मी सगळ्यांत सोपा धरला होता. दोन दिवस राखून ठेवले होते, अकरा लागले.

पहिला प्रयत्न: सपाट तपकिरी. पडद्यासारखं दिसलं. नाटकाच्या रंगमंचावर मागे कापड टांगलेलं असतं तसं.

दुसरा प्रयत्न: मी घाबरले आणि भरायला लागले. तडे, दगडांच्या सांधेजोडी, कोपऱ्यात ओल, एक कोनाडासुद्धा. मूळ चित्रात यातलं काही नाही. माझा हात रिकामं सहन करू शकत नव्हता. मुलगा मागून येऊन म्हणाला, "आई, छान झालंय, किल्ल्यासारखं." वसईच्या किल्ल्याची भिंत रंगवून ठेवली होती मी! चार दिवसांचं काम त्याच रात्री पुसलं.

मग कुंचला बाजूला ठेवला आणि जागेबद्दल वाचत बसले. चित्र ज्या चर्चसाठी केलं ते 'सांता लुचीआ अल सेपोल्क्रो', म्हणजे कबरीजवळचं. त्या चर्चच्या खाली भुयारी कबरस्तान आहे, आणि परंपरा सांगते की लुसीला तिथेच पुरलं. सिराकूझात प्राचीन दगडखाणीही आहेत, चुनखडीत माणसांनी कोरत नेलेल्या उंच पोकळ्या. इसवी सनपूर्व ४१३मध्ये पराभूत अथेन्सच्या सैनिकांना त्यांतच डांबलं होतं. तिथल्या एका गुहेत शहरातला अभ्यासक विन्चेन्झो मिराबेल्ला कारावाज्जोला घेऊन गेला. जुलमी राजा डायोनिशियस वरून कैद्यांचं बोलणं ऐकायचा अशी कथा, आणि गुहेचा आकार पाहून कारावाज्जोने तिला 'डायोनिशियसचा कान' म्हटलं. मिराबेल्लाने १६१३ साली हे छापून ठेवलं आहे, आणि ते नाव आजही चालतं. गुहा सुमारे २३ मीटर उंच आहे.

हे वाचून मी गुहेची छायाचित्रं चित्राशेजारी लावली आणि माझं डोकं सुन्न झालं. वरचा भाग 'रिकामा' नाहीच. ती जागा आहे. खडकात कोरलेल्या जागेत उभं राहिलं की माणसं अशीच तळाशी, लहान, आणि वर दगडच दगड. त्या गावच्या माणसांना ती भिंत ओळखीची होती. त्यांच्या पायांखालची होती.

आणि ज्या कबरीवर हे चित्र टांगायचं होतं ती तेव्हाच रिकामी होती. लुसीचे अवशेष १०४०च्या सुमारास बायझंटाईन सेनापती जॉर्ज मानियाकेसने कॉन्स्टॅन्टिनोपलला नेले, १२०४ मध्ये ते शहर लुटलं गेलं तेव्हा व्हेनिसकडे गेले, आणि आजही व्हेनिसमध्ये, सान जेरेमिआ चर्चमध्ये आहेत. म्हणजे ज्या गावात ती जन्मली, मेली, पुरली गेली, त्या गावाकडे तिचं शरीर नाही. त्या गावाने चित्रकाराला तिची मिरवणूक किंवा चमत्कार रंगवायला सांगितला नाही. दफन रंगवायला सांगितलं. जे हातून गेलं त्याची माती पुन्हा एकदा द्यायची. माझं वाचन इथे बदललं ते कायमचं. काळोख सत्तेचा नाही. ते तिचं घर आहे.

२७ जुलै
तिसरा प्रयत्न, आणि हा टिकला. अस्तर जसं आहे तसं ठेवलं. जवळजवळ कोरड्या ब्रशने ऑकर आणि राखाडीचे पातळ थर, फडक्याने अर्धे पुसत. कमान फक्त कडेच्या एका फिकट फटकाऱ्याने. जिथे मला 'इथे काहीतरी हवं' वाटलं तिथून हात मागे घेतला.

एक सावधगिरी नोंदवते. मूळ चित्र ओलीने फार खराब झालेलं आहे, रंग ठिकठिकाणी गळाला, अनेकदा दुरुस्त्या झाल्या. आज दिसणारा सगळा विरळपणा चित्रकाराने ठरवून केला असं म्हणता येणार नाही. पण पुढल्याच वर्षी मेस्सिनात रंगवलेल्या 'लाझारसला उठवणं' या चित्रातही वरचा भाग असाच मोकळा आहे, आणि माल्टातल्या शिरच्छेदातही माणसं एका बाजूला, मोठी भिंत दुसऱ्या बाजूला. सवय त्याचीच होती, काळाने फक्त तिला आणखी पातळ केलं.

४ ऑगस्ट
मधल्या तरुणाचं लाल वस्त्र. अख्ख्या चित्रात एवढाच रंग म्हणावा असा रंग. तो लुसीच्या बरोबर वर, हात एकमेकांत गुंफून उभा. मी शुद्ध कॅडमियम रेड लावलं आणि चित्र फुटलं, सगळे त्याच्याकडेच बघायला लागले. वाळल्यावर बर्न्ट अंबरचा पातळ हात फिरवला. आता तो जखमेशी बोलतो आणि थांबतो.

गुडघ्यांवर बसलेली म्हातारी सहज झाली. चेहरा हातांनी धरलेला. असं बसलेलं मी फार पाहिलं आहे, आमच्या गावच्या दफनांत आणि एकदा माझ्या घरात.

बिशपचा आशीर्वादाचा हात तीनदा केला. मोठा झाला की हुकूम वाटतो, लहान झाला की दिसत नाही. खोदणाऱ्याच्या पाठीपलीकडून तो जेमतेम उजेडात यायला हवा.

१५ ऑगस्ट
वाचनगटात दाखवलं. सुट्टीमुळे गर्दी बरी होती. बोलणं ठरल्यापेक्षा कमी केलं, चुकीचा पहिला प्रिंट आणि प्रत शेजारी शेजारी ठेवून काय बदललं ते सांगितलं. कामाला तेच जास्त आलं. काका मागे उभे होते, फावड्याची गोष्ट त्यांनीच सांगितली.

प्रश्नांत एका आजीबाईंनी विचारलं, "हिच्याखाली काहीच कसं नाही? चादर नाही, पेटी नाही. नुसत्या मातीवर ठेवलंय पोरीला." दोन महिने रोज बघून हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. घरी येऊन प्रिंट पुन्हा पाहिला. खरंच, उघडी जमीन. आणि माझ्या प्रतीत, हात कसा सवयीने चालतो पाहा, तिच्या अंगाखाली मी एक फिकट कड दिली होती. अंथरलेल्या कापडासारखी.

१९ ऑगस्ट
खर्च: चौकट-कॅनव्हास १,८५०, प्रिंट दोन मिळून १,०००, रंग २,३००, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन ३९०. एकूण ५,५४० रुपये. वेळ दहा आठवडे, त्यातले साधारण तीन अस्तर आणि भिंतीच्या चुकांत. पावसाळ्यात हे काम काढू नये, काढलंच तर काळा रंग शेवटी. व्हार्निश सहा महिन्यांआधी नाही.

ती फिकट कड आज खरवडून काढली. खालचं अस्तर वर आलं, तेच राहू दिलं.